सहा, एक, चौदा, एकोणीस

गेल्या मंगळवारी रात्री पावणेअकराला व्हॉट्सॅपवर एक फोटो आला. लॅपटॉपच्या स्क्रीनचा, तिरका, वर ट्यूबलाइटचा पट्टा पडलेला. खाली मेसेज : ‘काकू, एका सेलमध्ये १ आलाय. पाचपेक्षा कमी. म्हणजे फिशर ना? सर काय-स्क्वेअर म्हणतायत. उद्या प्रिंटला द्यायचंय.’

(सेल म्हणजे टेबलातलं एक घर. फिशर आणि काय-स्क्वेअर या दोन गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, हे तपासायच्या चाचण्या.) ‘उद्या प्रिंटला द्यायचंय’ हे वाक्य मी गेली अकरा वर्षं वाचतेय. दांडिया बाजारातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर पत्रिका दाखवायला यावं तशी पोरं थिसीस घेऊन येतात. डॉक्टर, फिजिओथेरपीवाले, नर्सिंगच्या मुली. मी बडोद्यातच एम.एस्सी. केलं, स्टॅटिस्टिक्समध्ये, मग बरीच वर्षं एका औषध कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली, आणि सासऱ्यांच्या आजारपणात घरी बसले ती बसलेच. तेव्हापासून हेच. अट एकच : आकडे मी काढून देईन, वाक्यं तुम्ही लिहायची. निम्मी पोरं ही अट ऐकून परत येत नाहीत.

फोटो मोठा करून बघितला. ऑपरेशननंतर जखम शिवण्याच्या दोन पद्धती. चाळीस रुग्ण, चिठ्ठ्या टाकून वीस-वीस वाटलेले. जुन्या पद्धतीत वीसपैकी सहांच्या जखमेत संसर्ग, नव्या पद्धतीत वीसपैकी एकाच्या. उरलेले चौदा आणि एकोणीस ठणठणीत. चार घरांचं टेबल, इतकंच. दीड वर्षाची ड्युटी, रात्रीबेरात्री ड्रेसिंग उघडून बघणं, रुग्णांच्या नातेवाइकांना फोन करकरून परत बोलावणं, आणि हाती काय? सहा, एक, चौदा, एकोणीस.

मी लिहिलं, ‘सकाळी ये. प्रिंटवाल्याला दुपारची वेळ दे.’

सकाळी ती आली तेव्हा आमच्या आई (म्हणजे सासूबाई, वय ब्याऐंशी, कान तिखट) डायनिंग टेबलावर मेथी निवडत होत्या. पोरीने पिशवीतून प्रिंटआउट काढला आणि मेथीच्या जुडीशेजारीच पसरला. एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हे पान पाठ असतं. टेबल एक, पण त्याखाली ‘पी’च्या ओळी पाच. पिअर्सन काय-स्क्वेअर ०.०३७. कंटिन्युइटी करेक्शन ०.०९६. लाइकलिहुड रेशो ०.०३०. फिशर एक्झॅक्ट, दोन्ही बाजूंचा (नवी पद्धत बरी निघो की वाईट, दोन्ही धरून), ०.०९१ आणि त्याला चिकटून एका बाजूचा ०.०४६. सगळ्यात खाली लिनिअर-बाय-लिनिअर ०.०४०. आणि त्याहूनही खाली, मुंगीच्या अक्षरात तळटीप : दोन सेलमध्ये, म्हणजे ५० टक्के सेलमध्ये, अपेक्षित संख्या पाचपेक्षा कमी, सर्वांत लहान अपेक्षित संख्या ३.५०.

‘सर म्हणाले, ०.०३७ सिग्निफिकंट आहे, तोच टाक,’ ती म्हणाली. ‘मी म्हटलं, सर, पाचपेक्षा कमी आहे. तर म्हणाले, मग फिशरमध्ये ०.०४६ दिसतोय की, तो टाक.’

सरांचं नाव-गाव सांगणार नाही. असे सर गावोगाव आहेत आणि माणूस म्हणून बहुतेक चांगलेच असतात. पण हे जे झालं ना, ते भाजीवाल्याकडे टोमॅटो दाबून बघण्यासारखं झालं. पाच ओळींवरून बोट फिरवायचं आणि लाल असेल तो उचलायचा. ‘पी’ म्हणजे काय हे थिसीसच्या पहिल्या प्रकरणात सगळे टाइप करतात : दोन पद्धतींत खरा फरक काहीच नसता, तरी केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून टोकाचा फरक किती वेळा दिसला असता. तो ०.०५ च्या खाली, म्हणजे शंभरात पाचाहून कमी, आला की फरकाला ‘सिग्निफिकंट’ म्हणायचा रिवाज. आता तुम्ही सहा आकड्यांतून सोयीचा निवडणार असाल तर त्या ‘किती वेळा’ला काही अर्थ उरतो का?

आधी पाचाचं भूत उतरवते, कारण पोरीच्या डोक्यात ते उलटं बसलं होतं, आणि ते शंभरातल्या नव्वदांच्या डोक्यात तसंच बसलेलं असतं.

‘पाचपेक्षा कमी’ हे तुम्ही मोजलेल्या आकड्याबद्दल नाही. ते अपेक्षित आकड्याबद्दल आहे. चाळीसात सात संसर्ग झाले. पद्धतीने काही फरक पडत नसता तर वीस-वीसच्या गटांत ते साडेतीन-साडेतीन पडले असते. (अर्ध्या माणसाला संसर्ग कसा होईल, असं आईंनी मेथीतून मान वर न करता विचारलं. सरासरीला होतो, आई.) हे साडेतीन पाचाच्या खाली आहेत म्हणून ती तळटीप आली, सेलमध्ये १ आहे म्हणून नव्हे. समजा पन्नास-पन्नास रुग्ण असते आणि संसर्ग दहा आणि दोन असे पडले असते. दोन दिसतोय म्हणून घाबरायचं का? अपेक्षित संख्या सहा-सहा आहेत. नियमाच्या हिशोबाने काय-स्क्वेअर खुशाल लावावा.

आणि हा नियम काही दगडावरची रेघ नाही. काय-स्क्वेअर चाचणी कार्ल पिअर्सनने १९०० मध्ये आणली. तिची मेख अशी की खरे आकडे पायऱ्यापायऱ्यांनी पडतात – सहा, सात, आठ, मध्ये काही नाही – आणि आपण त्यांच्यावरून एक गुळगुळीत वक्ररेषा ओढून त्या रेषेखालचं क्षेत्रफळ मोजतो. आकडे मोठे असले की पायऱ्या इतक्या बारीक होतात की रेषा आणि जिना यांत फरक कळत नाही. आकडे लहान असले की रेषा पायऱ्यांच्या कोपऱ्यांतून आरपार जाते. किती लहान म्हणजे लहान, यावर अनेकांनी अंदाज बांधले. १९५४ मध्ये कॉक्रन या संख्याशास्त्रज्ञाने दिलेला सल्ला जास्त चालला : एकही अपेक्षित संख्या एकाच्या खाली नको, आणि पाचाच्या खाली असलेल्या संख्या दर पाच सेलमागे एकाहून जास्त नकोत. चार सेलच्या टेबलात याचा अर्थ एकही नको. पाच हा आकडा कामचलाऊ आहे, हे कॉक्रनलाही ठाऊक होतं. आपण मात्र त्याची आरती करतो.

मग पर्याय काय? पोरीला मी सरळ उत्तर दिलं नाही. तिला पोळ्यांची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगते, कारण फिशरची चाचणी मला पुस्तकात जितकी कळली होती त्याहून जास्त आमच्या स्वयंपाकघरात कळली.

गुजरातेत राहणाऱ्यांना माहीत आहे : उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरायचा आणि किडू नये म्हणून त्याला दिवेल लावायचं. दिवेल म्हणजे एरंडेल. हाताला लावून गहू चोळायचे, दाणा चकचकीत झाला पाहिजे पण ओला नाही. आमच्याकडे हे काम आईंचं. मी दोन वर्षांपूर्वी म्हटलं, एवढा खटाटोप कशाला, दर महिन्याला थोडा थोडा आणू. त्यावर त्या म्हणाल्या, ‘दिवेलाच्या गव्हाची पोळीच वेगळी. डोळे मिटून सांगेन.’

स्टॅटिस्टिक्सवालीच्या घरात असं बोलू नये.

मला लगेच इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडची चहाची गोष्ट आठवली. तिथल्या शेती संशोधन केंद्रात डॉ. म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शेवाळांच्या तज्ज्ञ बाई होत्या. दूध आधी घातलं की चहा आधी, हे चवीवरून ओळखता येतं असं त्या म्हणाल्या, आणि ही चाचणी ज्याच्या नावाची तो रोनाल्ड फिशर समोरच होता. १९३५ च्या त्याच्या पुस्तकात हाच प्रयोग आहे, बाईंच्या नावाशिवाय : आठ कप, चार असे, चार तसे. निकाल काय लागला ते त्याने लिहिलंच नाही. कोणाही सुनेला पडेल असा प्रश्न आहे तो.

तर आठ पोळ्या. चार दिवेलाच्या गव्हाच्या, चार साध्या. गहू एकाच जातीचा, एकाच पोत्यातला. अर्ध्याला दिवेल, अर्ध्याला नाही. घरघंटीवर आधी साधा दळला, मग दिवेलाचा, कारण उलटं केलं असतं तर दिवेलाचा वास जात्यात राहून साध्या पिठाला लागला असता. हे मला सुचलं नाही, आईंनीच सांगितलं. प्रयोगाच्या रचनेत त्यांचा हात माझ्याहून चांगला आहे. भांडण झालं ते तेलावरून. घडीच्या पोळीत तेल लागतं आणि तेल लागलं की एरंडेलाची काय चव उरणार? ‘तेलाशिवाय घडीची पोळी म्हणजे काय ते मला दाखव तरी,’ असं बराच वेळ चाललं. शेवटी फुलके करायचं ठरलं. गोळे वजनकाट्यावर तीस-तीस ग्रॅमचे. आठ चिठ्ठ्या करून डब्यात हलवल्या, ह्यांनी स्वयंपाकघरात एकेक काढून तो क्रम लिहून ठेवला, आणि मी बाहेर एकेक फुलका नेऊन द्यायचे. कुठला कोणता हे मलाही माहीत नव्हतं. माझ्या चेहऱ्यावरून त्या निम्मं ओळखतात.

त्यांना एवढंच सांगितलं होतं : आठांत चार दिवेलाचे आहेत, ते चार वेगळे काढा.

आईंनी प्रत्येक फुलका आधी दुमडून नाकाशी नेला. मग काठ तोडून बोटांत चुरडला. मग एक घास, आणि मध्ये पाण्याचा घोट. चौथ्याला म्हणाल्या, ‘हा साधा. याचा पदर सुटताना कोरडा आवाज येतो.’ सहाव्याला दोनदा हातात घेतला, ठेवला, परत घेतला. अर्धा तास लागला. शेवटी चार डावीकडे, चार उजवीकडे.

तीन बरोबर, एक चुकला. म्हणजे दिवेलाच्या चारांपैकी तीन सापडले आणि एका साध्याला त्यांनी दिवेलाचा म्हटलं. त्यांनी लगेच हिशोब केला : ‘आठात सहा बरोबर! पंचाहत्तर टक्के! फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन.’

आता बघा. आठांतून चार निवडायचे एकूण ७० प्रकार आहेत. त्यातला एकच पूर्ण बरोबर. डोळे झाकून निवडलं तर चारही बरोबर यायची शक्यता सत्तरात एक, ०.०१४. तीन बरोबर येण्याचे प्रकार सोळा. म्हणजे ‘तीन किंवा त्याहून बरं’ हे सत्तरात सतरा वेळा येतं, ०.२४. ज्याला एरंडेल आणि तूप यांतला फरक कळत नाही असा माणूसही चारात एकदा एवढं करून दाखवेल. सात बरोबर येऊच शकत नाहीत, कारण एक चुकीचा उचलला की एक बरोबर सुटतोच. आणि सहाच फुलके केले असते, तीन-तीन, तर एकूण प्रकार वीस. सगळे ओळखूनही ०.०५ च्या खाली जाता आलं नसतं. त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

हा झाला फिशर एक्झॅक्ट. यात वक्ररेषा नाही, अंदाज नाही. सगळे प्रकार मोजायचे, त्यातले किती आपल्याएवढे किंवा अधिक टोकाचे ते मोजायचे, भागायचं. पण नीट पाहा, आमच्या टेबलात कडेच्या दोन्ही बेरजा आधीच ठरलेल्या होत्या. दिवेलाचे चार, हे मी ठरवलं. आईंनी ‘दिवेलाचे’ म्हणून चारच काढायचे, हेही मी ठरवलं. फिशरची चाचणी हुबेहूब याच परिस्थितीसाठी शिवलेली आहे.

पोरीच्या टेबलात तसं आहे का? वीस-वीस हे तिने ठरवलं. पण संसर्ग एकूण सातच होतील, हे कोणी ठरवलं होतं? हाच अभ्यास पुन्हा केला तर पाच होतील, अकरा होतील. तिच्याकडे एका बाजूच्या बेरजा पक्क्या आणि दुसऱ्या बाजूच्या मोकळ्या. आणि तिने नुसते वॉर्डातले चाळीस पेशंट जसे आले तसे घेऊन कोणाची कुठली पद्धत, कोणाला संसर्ग असं मोजलं असतं, तर फक्त चाळीस पक्के, बाकी सगळंच मोकळं. चार घरांत तेच चार आकडे, पण जन्म तीन तऱ्हेचा. मी कोणालाही पहिला प्रश्न हाच विचारते : हे टेबल आलं कुठून? सेलमधला आकडा मग बघते.

मोकळ्या बेरजांवर फिशर लावला की तो फार सावध होतो. किती, ते दाखवते. सात संसर्ग वीस-वीसांत वाटले जाण्याचे प्रकार मोजकेच. सात-शून्य पडलं तर दोन्ही बाजूंचा पी ०.००८. सहा-एक पडलं तर ०.०९१. पाच-दोन, ०.४१. चार-तीन, सरळ १. झालं, संपला जिना. ०.००८ नंतरची पायरी एकदम ०.०९१. आपण ०.०५ ची रेघ ओढून बसलोय, पण त्या रेघेजवळ पायरीच नाही! म्हणजे ‘पाच टक्के चूक चालेल’ म्हणणारा माणूस इथे नकळत एक टक्क्याहूनही कडक झालेला असतो. बिचाऱ्या पोरीला सातच्या सात जुन्या पद्धतीत पडले असते तरच फिशरने पास केलं असतं.

यावरून भांडणं पुष्कळ झाली. येट्सने १९३४ मध्ये काय-स्क्वेअरला ‘करेक्शन’ जोडलं, ते फिशरच्या उत्तराच्या जवळ जातं (०.०९६ आणि ०.०९१, बघा), म्हणून त्याची सावधगिरीही सोबत घेऊन येतं. बार्नार्डने १९४५ मध्ये म्हटलं, बेरजा मोकळ्या आहेत तर मोकळ्याच धरून मोजू. फिशर असा तुटून पडला की बार्नार्डने काही वर्षांत स्वतःच ती पद्धत सोडली. पण लोकांनी सोडली नाही, आणि आज ती सॉफ्टवेअरमध्ये मिळते. फिशरचा मुद्दाही हलका नव्हता. एकूण संसर्ग सात झाले, या माहितीत ‘कुठली पद्धत बरी’ याबद्दल जवळजवळ काहीच नाही, मग ते सात पक्के धरले तर बिघडलं कुठे? मला विचाराल तर दोघांचंही अर्धं-अर्धं पटतं आणि मी शांत झोपते.

मधली वाटही आहे. लँकेस्टरने १९६१ मध्ये सुचवलं, आपल्याला जे टेबल मिळालंय त्याची शक्यता पूर्ण न धरता अर्धीच धरा. याला मिड-पी म्हणतात. पोरीच्या टेबलाचा मिड-पी मी कागदावर काढला. ०.०४९९. खोटं नाही सांगत. पेन खाली ठेवलं आणि दोघी हसत बसलो. आई म्हणाल्या, ‘काय झालं?’ म्हटलं, ‘आई, पोरगी एका दशसहस्रांशाने पास झाली.’

आणि एसपीएसएसच्या पानावरची ती सगळ्यात खालची, कोणी न वाचलेली लिनिअर-बाय-लिनिअरची ओळ? चार सेलच्या टेबलात ती दुसरं काही नसून काय-स्क्वेअरच आहे, फक्त एकूण संख्येच्या जागी एक कमी धरलेला, चाळीसच्या जागी एकोणचाळीस. एगॉन पिअर्सनने, म्हणजे कार्लच्या मुलाने, १९४७ मध्ये हेच रूप बरं म्हटलं होतं. २००७ मध्ये इयन कॅम्पबेलने सगळ्या चाचण्या शेजारी ठेवून तपासल्या आणि सल्ला दिला : चार सेलच्या टेबलात सगळ्या अपेक्षित संख्या निदान एक तरी असतील तर हे रूप वापरा, नसतील तर फिशर. या सल्ल्याने पोरीचं उत्तर ०.०४०.

‘मग काकू, ०.०४० टाकू?’ तिचे डोळे चमकले.

इथे मी वाईट झाले. मी तिला सिनॉप्सिस काढायला लावलं. एथिक्स कमिटीकडे दीड वर्षापूर्वी गेलेला कागद. त्यात चाचणीबद्दल एक वाक्य होतं : ‘काय-स्क्वेअर किंवा फिशर एक्झॅक्ट, जे योग्य असेल ते.’ हे वाक्य सगळे एकमेकांच्या सिनॉप्सिसमधून उतरवतात. ‘योग्य’ म्हणजे कधी कोणतं, हे आकडे येण्याआधी लिहिलं असतं तर आज मेथीशेजारी हा तमाशा झाला नसता. तिने आधी ‘अपेक्षित संख्या एकाच्या वर असतील तर एक-कमी काय-स्क्वेअर’ असं लिहिलं असतं, तर ०.०४० मी डोळे झाकून लिहू दिला असता. आता आकडे बघून झालेत. आता कॅम्पबेल आठवला तो त्याची पद्धत चांगली म्हणून की आकडा चांगला म्हणून, हे तिलाही सांगता येणार नाही आणि मलाही. तिच्या कॉलेजात ‘योग्य’चा चालत आलेला अर्थ ‘अपेक्षित पाचाखाली असेल तर फिशर’ असाच आहे. तर मग फिशर, दोन्ही बाजूंचा, ०.०९१. एका बाजूचा ०.०४६ तर नाहीच नाही. नवी पद्धत जास्त वाईटही निघू शकली असती, आणि तशी निघाली असती तर सरांनी दुसऱ्या बाजूचा आकडा मागितलाच असता की.

रडवेली झाली. मग आम्ही जे लिहायला हवं ते लिहायला बसलो. तिने सांगितलं, मी फक्त खोडलं. जुन्या पद्धतीत वीसपैकी सहा, ३० टक्के. नव्या पद्धतीत वीसपैकी एक, ५ टक्के. टक्केवारीतला फरक २५. आणि त्या फरकाचं ९५ टक्क्यांचं कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक कुठून कुठवर असू शकतो तो पट्टा, न्यूकूमच्या पद्धतीने, १ पासून ४७ पर्यंत. हे वाक्य तिला मी मोठ्याने तीनदा वाचायला लावलं. नवी पद्धत शंभरात एकाला वाचवते की सत्तेचाळिसांना, हे चाळीस रुग्णांवरून सांगता येत नाही. यात खोटं काही नाही, आणि लाजण्यासारखंही काही नाही. (इंटरव्हल शून्याला शिवत नाही आणि फिशर मात्र ०.०९ म्हणतो, असं कसं, हे तिने विचारलं. शाबास. दोन वेगळ्या पट्ट्यांनी मापलंय म्हणून. व्हायवात विचारलं तर हेच सांग, आणि दोन्ही पद्धतींची नावं सांग.) शेवटी एक ओळ : ३० आणि ५ टक्के हे अंदाज धरले, तर पुढच्या अभ्यासाला प्रत्येक गटात निदान पस्तीस ते पंचेचाळीस रुग्ण लागतील. हा आकडा दीड वर्षापूर्वी काढायला हवा होता. पण तो काढला असता तर गाइड म्हणाले असते, एवढे पेशंट कुठून आणणार. असो.

माझं तोंड एवढं चालतंय म्हणून माझीही एक चूक सांगून टाकते. सुरुवातीच्या वर्षांतली. फिजिओथेरपीची एक मुलगी गुडघेदुखीचा डेटा घेऊन आली. एक्सेलमध्ये अठ्ठावीस ओळी. चौदा गुडघ्यांना नवा व्यायाम, त्यात बारा सुधारले. चौदांना जुना, त्यात चार सुधारले. आकडे लहान, मी ऐटीत फिशर लावला. ०.००६. पेढे आले. व्हायवाच्या दिवशी तिचा फोन : बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, ‘रुग्ण किती?’

चौदा. एकेकाचे दोन गुडघे. आणि डेटा परत उघडून बघते तर प्रत्येकाचे दोन्ही गुडघे एकत्रच सुधारले होते किंवा एकत्रच तसेच राहिले होते. साहजिक आहे, चालणारा माणूस एकच. म्हणजे खरं टेबल होतं सातांत सहा विरुद्ध सातांत दोन. फिशर तोच, पी ०.१०. मी चाचणी बरोबर निवडली होती आणि मोजणी चुकवली होती. त्या मुलीला सहा महिन्यांनी परत बसावं लागलं. तिचे पेढे माझ्या घशात अजून अडकतात. तेव्हापासून कोणी एक्सेल उघडलं की मी पहिल्यांदा ओळी मोजत नाही, माणसं मोजते. डोळे, कान, दात, गुडघे आले की दुप्पट सावध.

त्याच जातीची दुसरी चूक ‘आधी-नंतर’वाल्यांची. चोवीस रुग्ण, उपचाराआधी दुखत होतं की नाही, नंतर दुखतंय की नाही. लोक त्याचे अठ्ठेचाळीस करून काय-स्क्वेअर लावतात. इथे मॅकनेमारची चाचणी, १९४७ ची. जे बदललेच नाहीत त्यांना बाजूला ठेवायचं, फक्त बदललेले मोजायचे : किती इकडून तिकडे, किती तिकडून इकडे. थोडेच असतील तर निव्वळ नाणेफेकीचा हिशोब. सात सुधारले आणि एक बिघडला, तर आठ नाण्यांत सात किंवा अधिक एकाच बाजूला पडायची शक्यता दोन्हीकडून २५६ पैकी १८, ०.०७. पाचच बदलले आणि पाचही सुधारले, तरी ०.०६. निदान सहा माणसं एकाच दिशेने बदलल्याशिवाय इथे रेघ ओलांडताच येत नाही. चोवीस रुग्ण घेतले होते हे सांगून उपयोग नाही.

आणि शून्य. ‘दुष्परिणाम ० टक्के’ असं लिहिणाऱ्यांना मी विचारते, कितीत शून्य? तीसांत. मग तीनाला तिसाने भागा : खरा दर १० टक्क्यांपर्यंत असूनही तीसांत एकही न दिसणं ९५ टक्क्यांच्या हिशोबात बसतं. तोंडी करता येण्यासारखा एवढा सोपा हिशोब दुसरा नाही, आणि तो करायला कोणी तयार नसतं.

दुपारी पोरगी गेली. संध्याकाळी मेसेज आला, सरांनी ०.०९१ वर तोंड वाकडं केलं पण इंटरव्हलचं वाक्य राहू दिलं. म्हणाले, ‘कोणाकडून करून घेतलंस?’ तिने नाव सांगितलं नाही म्हणे. बरं केलं.

आई मात्र दिवसभर गप्प होत्या. रात्री ताक ढवळता ढवळता म्हणाल्या, ‘त्या वेळी तू मला आठच पोळ्या दिल्यास. म्हणजे एकही चूक परवडत नव्हती, असंच ना?’

‘हो.’

‘मग किती दिल्या असत्या तर एक चूक परवडली असती?’

मी मोबाइल काढला. बारा, सहा-सहा. एकूण प्रकार ९२४. सगळे बरोबर एक, एक अदलाबदल छत्तीस. सदतीस भागिले नऊशे चोवीस, ०.०४०.

‘बारा,’ मी म्हटलं.

‘लिहून ठेव,’ त्या म्हणाल्या. ‘आत्ता, आधी. मग मागाहून म्हणशील, अठरा लागतात. आणि या वेळीही दळायचं घरघंटीवरच, आणि आधी साधा.’

फ्रिजवर चिकटवलंय. तारीख घालून. यंदाचा गहू आला की.